बातुमीचा चौथा डाव

(उल्हासनगर कॅम्प २ येथे विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये हिशेब ही गोष्ट मुलांना मुद्दाम शिकवावी लागत नाही. दुकानाच्या गल्ल्यामागे बसून गृहपाठ करणाऱ्या मुलाला शिल्लक म्हणजे काय, उधारी म्हणजे काय आणि सणासुदीचा हंगाम हातचा गेला तर काय होते, हे शाळेच्या वहीत लिहिण्यापूर्वीच ठाऊक झालेले असते. बुद्धिबळ हाही एक हिशेबच होय. दोन्ही खेळाडूंचे भांडवल सारखे असते : एक राजा, एक वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. त्यांत स्पर्धेच्या घड्याळाने दिलेला वेळ मिळविला, की भांडवलाची यादी संपली. येथे फासे नाहीत, झाकलेली पाने नाहीत. जे काही आहे ते दोघांच्याही डोळ्यांसमोर, चौसष्ट घरांत मांडलेले आहे.

असे असूनही जगातील उत्तमोत्तम खेळाडूंच्या हातून चुका होतात. हाती आलेला डाव निसटतो. गेलेला डाव परत येतो. चूक झाल्यावर पुढची चाल कशी करावयाची, हाच या खेळाचा खरा अभ्यास आहे. तो समजून घेण्यासाठी एका प्रत्यक्ष सामन्याकडे पाहावयाचे आहे. हा सामना २६ ते २८ जुलै २०२५ या तीन दिवसांत, काळ्या समुद्राच्या काठी, जॉर्जिया देशातील बातुमी या शहरात झाला. पटाच्या एका बाजूस होती नागपूरची दिव्या देशमुख आणि दुसऱ्या बाजूस आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी. प्रसंग होता महिलांच्या विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम फेरीचा.

दोन पिढ्या, एक पट

या दोघींची ओळख करून घेतल्याशिवाय सामन्याचे महत्त्व कळणार नाही. कोनेरू हम्पी हिचा जन्म १९८७ चा. वडिलांनीच तिला हा खेळ शिकविला आणि तिच्या शिक्षणासाठी आपली नोकरी सोडली. २००२ मध्ये, वयाची पंधरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, तिने ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. हा किताब मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. त्या वेळी इतक्या लहान वयात तो मिळविणारी महिला जगात दुसरी नव्हती. पुढे मातृत्वाच्या निमित्ताने ती काही काळ स्पर्धांपासून दूर राहिली, परत आली, आणि २०१९ मध्ये मॉस्को येथे व २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे जलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद तिने पटकावले. अपत्यजन्मानंतर खेळ संपतो, या समजुतीला तिने पटावरूनच उत्तर दिले.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. म्हणजे हम्पी ग्रँडमास्टर झाली त्यानंतर तीन वर्षांनी ती जन्मली. बातुमीला दोघी समोरासमोर बसल्या तेव्हा एकीचे वय एकोणीस, तर दुसरीचे अडतीस होते. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. घरातील मोठी बहीण बॅडमिंटन शिकावयास जात असे. तिच्याबरोबर जाणारी ही धाकटी मुलगी पाचव्या वर्षी बुद्धिबळाच्या वर्गात जाऊन बसली. सात वर्षांखालील मुलींचे राष्ट्रीय विजेतेपद तिने २०१२ मध्ये मिळविले. त्यानंतर दहा वर्षांखालील आणि बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपदे आली. २०२४ मध्ये गांधीनगर येथे ती वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने प्रथमच सुवर्णपदक जिंकले, आणि त्या संघात तिला स्वतःच्या पटावरील वैयक्तिक सुवर्णपदकही मिळाले.

एवढे असूनही ती ग्रँडमास्टर नव्हती. हा किताब सामान्यतः दोन अटी पूर्ण केल्यावर मिळतो. एक, खेळाडूचे गुणांकन २५०० पर्यंत पोचले पाहिजे. दुसरी, ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतून किताबास साजेशी कामगिरी करून, ज्यास खेळाडू ‘नॉर्म’ म्हणतात, असे तीन नॉर्म मिळविले पाहिजेत. दिव्या बातुमीला गेली तेव्हा तिच्या नावावर एकही नॉर्म नव्हता. मात्र विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूस हा किताब थेट देण्याची तरतूद नियमांत आहे. म्हणजे अंतिम सामन्यात एका बाजूस तेवीस वर्षे जुना किताब होता, आणि दुसऱ्या बाजूस, जिंकली तर सर्व काही आणि हरली तर पुन्हा पहिल्या नॉर्मपासून सुरुवात, अशी स्थिती होती.

अंतिम फेरीपर्यंतची वाट

या स्पर्धेत १०७ खेळाडू होत्या. पद्धत बाद फेरीची : जी हरली ती घरी गेली. मानांकनात दिव्याचा क्रमांक पंधरावा होता, त्यामुळे तिच्याकडून फार अपेक्षा कोणी बाळगलेली नव्हती. चौथ्या फेरीत तिची गाठ द्वितीय मानांकित चिनी खेळाडू झू जिनर हिच्याशी पडली आणि बरोबरीनंतरच्या जलद डावांत दिव्याने तिला हरविले. उपान्त्यपूर्व फेरीत भारताचीच अनुभवी ग्रँडमास्टर द्रोणवल्ली हरिका समोर आली. तेथेही जलद डावांनीच निकाल लागला. उपान्त्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिला तिने दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने नमविले. दुसऱ्या बाजूने हम्पीने चीनच्या ले टिंगजी हिच्याविरुद्ध एकामागून एक अधिकाधिक झटपट होत जाणाऱ्या डावांची कसोटी पार करून अंतिम फेरी गाठली.

महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन्ही खेळाडू भारतीय असण्याची ही पहिलीच वेळ. कोणीही जिंकले तरी चषक भारतात येणार, हे ठरले होते. प्रश्न एवढाच उरला होता, की तो कोणत्या पिढीच्या हाती जाणार.

तीन दिवस, चार डाव

अंतिम सामन्याची रचना अशी असते. प्रथम दोन दिवस दीर्घ मुदतीचे दोन डाव. त्यांत प्रत्येकीस पहिल्या चाळीस चालींसाठी दीड तास, पुढे आणखी अर्धा तास, आणि प्रत्येक चालीगणिक तीस सेकंदांची भर. गुण समान झाले तर तिसऱ्या दिवशी जलद डाव. तेथे प्रत्येकीस पंधरा मिनिटे व प्रत्येक चालीमागे दहा सेकंद एवढाच वेळ. प्रत्येक डावात मोहऱ्यांचे रंग बदलतात. पांढरी मोहरी प्रथम चाल करतात, म्हणून त्या बाजूस थोडासा पुढाकार मिळतो. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याने अगोदर आपला कोट सांभाळावा आणि मग संधीची वाट पाहावी, हा सर्वसाधारण क्रम होय.

२६ जुलै रोजी पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. डाव अजून सुरुवातीपासून फार दूर गेला नव्हता, इतक्यात हम्पीच्या हातून एक सैल चाल झाली. योग्य उत्तर सापडले असते तर दिव्यास फार मोठा लाभ झाला असता. ते उत्तर तिला दिसले नाही. संधी पटावर थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. हम्पीने बाजू सावरली आणि डाव बरोबरीत सुटला.

ज्याने एकदा तरी स्पर्धेत भाग घेतला आहे, त्यास त्या रात्रीची कल्पना येईल. हरल्याचे दुःख एक वेळ परवडते, पण जिंकता येत होते आणि जिंकलो नाही, हा सल झोपू देत नाही. सकाळी पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर बसावयाचे असते. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, पांढरी मोहरी हम्पीकडे होती. दिव्याने चांगली सुरुवात केली, मध्यंतरी थोडी अडचण ओढवून घेतली, तरी डाव हातून जाऊ दिला नाही. तोही बरोबरीत सुटला. दोन दिवसांच्या शेवटी दोघींचे गुण समान होते.

२८ जुलै रोजी जलद डावांना आरंभ झाला. या प्रकारात हम्पी दोन वेळची जगज्जेती. जाणकारांचे पारडे तिच्या बाजूस झुकणे स्वाभाविक होते. पहिल्या जलद डावात दिव्याने पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळून पाहिले; हम्पीने पेट्रोफ या भक्कम बचावाचा आश्रय घेतला आणि बरोबरी राखली. आता चौथा डाव. पांढरी मोहरी हम्पीची, काळी दिव्याची.

चौथा डाव

हम्पीने कॅटलन या नावाने ओळखली जाणारी पद्धत स्वीकारली. वजिराच्या बाजूची दोन प्यादी पुढे सरकवून मध्यभागावर दाब ठेवावयाचा, आणि राजाच्या बाजूचा उंट लांब तिरक्या रेषेवर बसवून तो दाब दुरून वाढवीत न्यावयाचा, असा या पद्धतीचा रोख असतो. हिच्यात घाई नाही. प्रतिपक्षास हळूहळू गुदमरविण्याची ही रीत आहे. दिव्याने तिला दाद दिली नाही. मोहऱ्यांची अदलाबदल होत गेली, डाव समतोल राहिला, आणि दोघींचे घड्याळ मात्र धावत राहिले.

चाळीसाव्या चालीच्या सुमारास हम्पीकडे वेळ फार थोडा उरला होता. त्या घाईत तिने एक प्यादे बळी देऊन डाव मोकळा करण्याचा प्रयत्न केला. हिशेब जुळला नाही. प्यादे गेले आणि त्याच्या बदल्यात अपेक्षित हालचाल मिळाली नाही. आता दिव्याची बाजू वरचढ झाली.

येथे डाव संपावयास हवा होता, असे पुस्तक वाचणाऱ्यास वाटेल. तो संपला नाही. अंतिम पर्वात दिव्याच्याही हातून सरळ जिंकण्याची वाट सुटली, आणि हम्पी जवळजवळ बरोबरीच्या काठावर येऊन पोचली. पहिल्या दिवशीचा प्रसंग जणू पुन्हा घडत होता. फरक एवढाच, की या वेळी पुढचा डाव उद्यावर नव्हता; घड्याळात काही मिनिटे आणि दर चालीमागे दहा सेकंद होते. खंत करीत बसण्यास तेवढीही सवड नव्हती. दिव्या खेळत राहिली. आपण किती चांगल्या स्थितीत होतो याची आठवण बाजूला ठेवून, आता पटावर काय उरले आहे, एवढेच तिने पाहिले. हम्पीही झुंजत राहिली. अखेर वेळेच्या ताणाखाली हम्पीकडून आणखी एक चूक झाली, आणि या खेपेस दिव्याने वाट सोडली नाही. हम्पीने डाव सोडून हात पुढे केला. सामना अडीच विरुद्ध दीड गुणांनी दिव्याने जिंकला.

त्यानंतर पटाशी बसलेल्या त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि थोड्या वेळाने ती आईच्या कुशीत शिरली, हे दृश्य देशभर सर्वांनी पाहिले. भारतास महिलांचा विश्वचषक प्रथमच मिळाला. दिव्या देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर ठरली. हम्पी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतर या यादीतील ती केवळ चौथी महिला होय. तिचे पहिल्या काळातील प्रशिक्षक, नागपूरचे राहुल जोशी, २०२० मध्ये निवर्तले होते. आपल्या शिष्येने ग्रँडमास्टर व्हावे, ही त्यांची इच्छा होती. नागपूरला परतल्यावर दिव्याने त्यांचे ऋण जाहीरपणे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य शासनाने नागपूर येथे तिचा सत्कार करून तीन कोटी रुपयांचे पारितोषिक तिला दिले.

हा पट कोणी मोकळा केला

अठ्ठ्याऐंशीत चार, हे प्रमाण मात्र विचार करावयास लावणारे आहे. मुलींना पटाशी बसण्याचा हक्क तरी सहजासहजी मिळाला का, हे पाहावयाचे तर महाराष्ट्राच्याच इतिहासाकडे वळावे लागते.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर हिने जिंकली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी भगिनी, ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या कन्या. पहिल्या दशकात राष्ट्रीय विजेतेपद या तिघींनी जणू घरातच ठेवले. त्यांतील सर्वांत धाकटी रोहिणी हिने १९७६ मध्ये, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. त्यावर मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूव्ह यांनी, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून महिलांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. एका तेरा वर्षांच्या मुलीच्या हट्टामुळे जगभरच्या मुलींसाठी दार उघडले. १९८१ मध्ये रोहिणी महिलांची आशियाई विजेती झाली.

त्यांच्यामागून भाग्यश्री साठे-ठिपसे आल्या, अनुपमा अभ्यंकर-गोखले आल्या. पुढे पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी चिकाटीने स्पर्धा भरवून किती तरी खेळाडूंना पहिला पट मिळवून दिला. बातुमीचा चौथा डाव या सर्वांच्या खांद्यावर उभा आहे.

कॅम्प २ साठी या डावाचा अर्थ

नागपूर येथून दूर आहे आणि बातुमी त्याहून दूर. मग या डावाशी उल्हासनगरचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो या वस्तीच्या जन्माइतका जुना आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. घरदार, जमीनजुमला, चालता व्यवसाय, सर्व मागे राहिले होते. बुद्धिबळाच्या भाषेत सांगावयाचे तर वजीर गेला होता, हत्ती गेले होते. राजा आणि चार प्यादी उरली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांनी बराकीत चूल मांडली आणि बराकीबाहेर दुकान मांडले, त्यांनी गेलेल्या मोहऱ्या मोजण्यात आयुष्य घालविले नाही. उरलेल्या प्याद्यांनी काय करता येईल, हे त्यांनी पाहिले. गजानन मार्केटचा कापडबाजार आणि फर्निचरची दुकाने ही त्या प्याद्यांचीच वाटचाल आहे. बुद्धिबळात प्यादे एकेक घर पुढे सरकत पटाच्या शेवटच्या रांगेत पोचले, की त्याचा वजीर होतो, हे लहान मुलासही ठाऊक आहे.

या वारशाला हा खेळ सोसणारा आहे. एक पट, बत्तीस मोहरी आणि समोर बसणारा एक सोबती, एवढ्यावर तो सुरू होतो. मैदान नको, मोठे घर नको. घरी सिंधी बोलणारे मूल आणि मराठी बोलणारे मूल यांना पटाशी बसल्यावर दुभाषी लागत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळाचा समावेश असल्याने शाळेमार्फत तालुका व जिल्हा पातळीवर खेळता येते. त्याची चौकशी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे अथवा ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पटाशी बसणाऱ्या हजारो मुलांतून ग्रँडमास्टर होणारे एखादेच. बाहेरगावच्या स्पर्धांना प्रवास, राहणे, प्रशिक्षण यांचा खर्च येतो आणि तो सर्वांना झेपत नाही. किताब हेच ध्येय धरून मुलास पटाशी बसविले, तर बहुतेक घरांत निराशाच येईल. चूक झाल्यावरही पटाकडे शांतपणे पाहण्याची सवय मात्र प्रत्येकाला लागू शकते, आणि ती परीक्षेत, दुकानात व संसारात उपयोगी पडते.

म्हणून शिक्षकांनी मुलांना प्रत्येक डावाच्या चाली लिहून ठेवावयास शिकवावे. लिहिलेला डाव खोटे बोलत नाही. चूक कोठे झाली ते तो दाखवितो आणि ती दुसऱ्याच्या माथी मारू देत नाही. पालकांनी डाव हरून आलेल्या मुलास प्रथम जेवू घालावे. निकालाची चर्चा दुसऱ्या दिवशी पटासमोर बसून करावी. आणि पाचवी-सहावीपर्यंत हौसेने खेळणारी मुलगी आठवीत गेली की तिचा पट गुंडाळून माळ्यावर टाकू नये. रोहिणीचा पट तेराव्या वर्षी गुंडाळला गेला असता, तर दिव्यासाठी दार कोणी उघडले असते?

विद्यार्थी मित्रांनी एवढे लक्षात ठेवावे. बातुमीच्या त्या चार डावांत दिव्याच्या हातून संधी निसटली, ती एकदा नव्हे. हम्पीसारख्या थोर खेळाडूच्या हातूनही चुका झाल्या. विजय शेवटी तिला मिळाला, जिने प्रत्येक चुकीनंतर मान वर करून पटाकडे पाहिले आणि ‘आता माझी चाल कोणती?’ हा एकच प्रश्न स्वतःस विचारला. आणि जी हरली, तिनेही शेवटच्या चालीपर्यंत झुंज देऊन मगच हात पुढे केला. उद्या शाळेत, वर्गात किंवा दुकानाच्या ओट्यावर पट मांडाल तेव्हा या दोघींची आठवण ठेवावी, आणि डाव संपल्यावर, निकाल काहीही लागो, समोरच्याशी हस्तांदोलन करून मोहरी पुन्हा जागेवर मांडावीत.